पहाटेच्या गारठ्यात दहा जणांचा चुलीवरचा नाश्ता

प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहा जण भंडारदऱ्याच्या परिसरात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात तंबू ठोकून राहणार आहेत. सकाळी सात-सव्वासातला पोटभर गरम नाश्ता हवा, तोही लाकडावर केलेला. मागच्या खेपेला कांदेपोहे केले होते. लाकूड पेटता पेटेना, पोह्यांना धुराचा वास लागला, खालचे करपले, वरचे कडक राहिले आणि ताटात पडेपर्यंत सगळं गार झालं. खायला साडेनऊ वाजले. चुकलं कुठे आणि यंदा काय करावं?

चुकलं ते आदल्या संध्याकाळी. थंडीतला सकाळचा स्वयंपाक निम्मा रात्रीच व्हावा लागतो, कारण पहाटे साडेपाचला बोटं वळत नाहीत, बॅटरीच्या उजेडात मोहरी सापडत नाही आणि दवाने सगळं ओलं असतं. दुसरी चूक पदार्थ निवडण्यात झाली, आणि तिसरी म्हणजे पेटत्या जाळावर रांधायला घेतलं. जाळ पाणी उकळायला चांगला. बाकी सगळं निखाऱ्यावर करायचं.

आधी पोह्यांचं सांगतो, कारण त्यांच्यावरचा लोभ सुटत नाही. पोहे आधीच शिजवून दडपलेले असतात. आपण ते भिजवून वाफेवर फक्त गरम करतो. हलका, मोकळा पदार्थ, मधे हवाच हवा. आठ अंशांच्या थंडीत तो पाच मिनिटांत निवतो, आणि निवला की चामट होतो. त्यात भिजवायला बाटलीतलं बर्फासारखं पाणी वापरलं तर जाड पोह्याच्या पोटात कणी राहते. करायचेच असतील तर कोमट पाण्यात भिजवा, एक किलोचे दोन घाणे करा आणि कढईतून थेट वाढा. पण दहा जणांनी एकदम बसून खायचं असेल तर माझं मत उपम्याला. त्यात पाणी भरपूर आणि घट्टपणाही असतो, त्यामुळे झाकलेलं पातेलं पाऊण तास तरी गरम राहतं. सोबत माणशी एक थालीपीठ, दोन उकडलेली अंडी आणि दोन वेळा चहा. एवढं पोटात गेलं की रतनगड चढून उतरेपर्यंत कोणी जेवणाचं नाव काढत नाही.

जागेचं आधी पक्कं करा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द या भागातल्या बऱ्याच गावांना लागून आहे, काही गावं तर आतच आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडून जाणं हा गुन्हा आहे. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. एका ठिणगीत वणवा. म्हणून चूल मालकाच्या परवानगीने त्याच्या रानातच करावी, आणि त्याचं रान हद्दीत येतं का हे त्याला आणि वनखात्याच्या माणसाला स्पष्ट विचारावं. गडावर, लेण्यात, देवळाच्या ओवरीत चूल मांडू नये. दगडात मुरलेली काजळी निघत नाही.

खाचर मात्र उत्तम. भात काढल्यावर जमीन मोकळी, सपाट आणि कडक होते. राब भाजणाऱ्या, म्हणजे रोपं टाकायची जमीन पालापाचोळा पेटवून भाजून घेणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीवर विस्तव नवा नसतो, पण कुठल्या कोपऱ्यात चालेल हे त्यालाच ठरवू द्या. बांधावरच्या गवतापासून आणि पेंढ्याच्या गंजीपासून लांब जा. चुलीभोवती दहा फुटांचा घेर धसकटं काढून साफ करा. पाण्याच्या दोन बादल्या भरून शेजारी ठेवा, आणि त्या भांडी घासायला वापरायच्या नाहीत.

आता चूल. चार जणांना तीन दगड पुरतात. दहा जणांना चर खणा, लग्नातले आचारी खणतात तसा, फक्त लहान. लांबी तीन फूट, रुंदी आठ-नऊ इंच, खोली एक वीत. बारा लिटरच्या पातेल्याचं बूड साधारण एक फुटाचं असतं, म्हणजे ते दोन्ही काठांवर टेकतं. तरी काठ ढासळू नयेत म्हणून बोटाएवढ्या जाड दोन-तीन सळया आडव्या टाका. त्यांचा दुसरा उपयोग असा की भांडं काठापासून इंचभर उचललं जातं आणि धुराला वाट मिळते. ती वाट बंद झाली की जाळ गुदमरतो आणि सगळा धूर रांधणाऱ्याच्या डोळ्यात येतो. एका टोकाला जाळ, त्यावर पाण्याचं भांडं. तिथले निखारे मागे ओढत न्यायचे. मधल्या भागावर पातेलं, शेवटच्या टोकाला तवा. घरच्या चुलीला वैल असतं ना, मुख्य जाळाच्या धगीवर दुसरं भांडं ठेवायची जागा, तेच हे, लांबवलेलं. दगड वापरायचेच असतील तर ओढ्यातले गोटे उचलू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात, कधी कधी चक्क फुटतात. रानातला कोरडा दगड घ्या.

चराचं तोंड कुणीकडे ठेवायचं, इथे बहुतेक जण फसतात. संध्याकाळी वारा एका बाजूने असतो, त्यावरून तोंड ठरवतात, आणि पहाटे सगळं उलटं. शांत, निरभ्र रात्री डोंगराची थंड हवा उतरणीवरून दरीकडे वाहत येते. ऊन चढलं की ती दरीतून वर सरकू लागते. म्हणून चराचं तोंड डोंगराच्या बाजूला ठेवा. पहाटेचा वारा आपसूक जाळाला लागतो आणि फुंकणीचं काम निम्मं वाचतं. तंबू डोंगराच्या अंगाला किंवा आडव्या बाजूला, निदान पंचवीस फुटांवर हवेत. दरीच्या बाजूला लावले तर धूर आणि ठिणग्या दोन्ही त्यांच्यावर जातील, आणि नायलॉनच्या तंबूला एका ठिणगीने रुपयाएवढं भोक पडतं. अगदी खोलगट खाचरही टाळा. थंड हवा तिथेच साचते आणि दवही तिथेच जास्त पडतं.

जळणाचा अंदाज: चहा, साडेचार लिटर पाणी, उपमा, दहा-बारा थालीपिठं आणि अंडी एवढ्याला आठ-दहा किलो वाळलेलं लाकूड, म्हणजे एक बरी मोळी. रात्रीच्या शेकोटीचं वेगळं. हे स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे रात्री गप्पांच्या भरात सकाळचं लाकूड शेकोटीत जातं आणि पहाटे ओल्या फांद्या शोधाव्या लागतात. मोळी शेतकऱ्याकडून विकत घ्या, जंगलात कोयता घेऊन शिरू नका.

निखाऱ्याला बाभूळ सगळ्यांत चांगली. जड लाकूड, निखारा टणक आणि बराच वेळ टिकणारा. आंबा, जांभूळ चालतात. सावर, पांगारा यांचं लाकूड भुसभुशीत. भडकन पेटतं आणि मागे राखच उरते. निलगिरी तेलकट असल्याने जाळाला बरी, पण दुधाच्या भांड्याखाली नको. कारवीच्या वाळक्या काड्या आणि नारळाची शेंडी पेटवणाला उत्तम. करवंट्या चार-पाच घरूनच आणा, जाळ पडायला लागला की एक टाकली तरी उभारी येते. बांबू अख्खा कधी टाकू नका, पेरातली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो, चिरून टाका. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. शेराचा चीक डोळ्यांना वाईट. ओळखू न येणारं लाकूड बाजूला ठेवा. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे चुलीत घालायचेच नाहीत.

संध्याकाळी उजेड असतानाच जळणाचे चार ढीग करा: काडेपेटीतल्या काडीएवढं, करंगळीएवढं, अंगठ्याएवढं आणि मनगटाएवढं. पहिले दोन ढीग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तंबूच्या आत ठेवा. बाकीचं ताडपत्रीखाली, आणि खाली दोन ओंडके टाकून जमिनीपासून उचललेलं. दव वरून पडतं आणि ओल खालूनही चढते, हे लक्षात राहत नाही. मागच्या खेपेचं तुमचं ‘पेटता पेटेना’ बहुधा एवढ्याचंच होतं.

कांदा, मिरची, आलं रात्रीच चिरून डब्यात भरा. सुन्न बोटांनी पहाटे कांदा चिरणं म्हणजे बोट कापून घेण्याचा हमखास मार्ग. मीठ घरूनच वजन करून पुडीत आणा. मोहरी-हिंगाची एक पुडी, उडदाची डाळ आणि दाणे एका डबीत. शेंगदाण्याचं तेल आठ-दहा अंशांना दाटसर होतं पण ओततं येतं. खोबरेल आणि तूप मात्र दगड होतं, म्हणून ते रुंद तोंडाच्या डबीत हवं. अरुंद तोंडाच्या बाटलीतून पहाटे थेंब निघत नाही. लायटर झोपताना अंगावरच्या खिशात ठेवा, गार पडला की त्यातला गॅस नीट उठत नाही. काडेपेटी दोन, पिशवीत गुंडाळून.

झोपण्यापूर्वी दोन कामं. एक, विस्तव राखून ठेवायचा. रात्रीचे जाड निखारे चरात एकत्र ओढा, मधे एक-दोन गोवऱ्या खोचा आणि वर दोन-तीन इंच राख दाबून टाका. हुरड्याची आगटी पाहिली असेल तर कळेल, राखेखाली गोवरी किती हळू आणि किती वेळ जळते. वारा सुटला असेल किंवा भोवतालचं गवत साफ केलेलं नसेल तर हा उद्योग करू नका, सरळ विझवून टाका. दुसरं, साडेचार लिटर पाणी झाकणाच्या भांड्यात भरून सळयांवर, राखेच्या बरोबर वर ठेवा. पहाटे ते बऱ्यापैकी कोमट मिळतं. एरवी उघड्यावरचं पाणी दहा अंशांपर्यंत उतरतं, आणि घरच्या पंचवीस अंशांच्या पाण्यापेक्षा ते उकळायला पाचवा हिस्सा उष्णता जास्त लागते. वाऱ्याने वाया जाते ती आणखी वेगळी. घरच्या अंदाजाने वेळ धरणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. उंचीचा परिणाम मात्र भंडारदऱ्याला जाणवत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे अंड्यांना दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात.

एक गोष्ट निक्षून. निखाऱ्याची पाटी किंवा शेगडी ऊब म्हणून तंबूत घ्यायची नाही, दार थोडं उघडं ठेवूनही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

सातला वाढायचं तर पाच-सव्वापाचला उठावं लागेल. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या आगेमागे उगवतो आणि डोंगराआडून खाचरात ऊन यायला आणखी वेळ लागतो, म्हणजे सगळं काम अंधारातच. दोघांनी उठायचं, एकाने नाही. अंगावर घोंगडी किंवा जुना सुती-लोकरी कपडा हवा. फुगीर नायलॉनचं जाकीट चुलीपाशी नको. ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. मफलरची टोकं आत खोचा.

राख बाजूला करा. खाली लाल इंगळ दिसले तर त्यावर शेंडी आणि बारीक काड्या टाकून फुंकणीने हळू, लांब फुंका. दिसले नाहीत तर चराच्या तोंडाशी कापराच्या दोन वड्या, त्यावर शेंडीचा विस्कटलेला झुपका, त्यावर काडीएवढं जळण. काड्या एकमेकींवर मोकळ्या, मधून बोट जाईल अशा. घाबरून लाकूड कोंबलं की हवा बंद होते आणि धूर सुरू होतो. तेव्हा फुंकत बसण्यापेक्षा एखादं लाकूड बाहेर ओढा. रॉकेल नको. त्याचा वास पहिल्या चहात हमखास येतो. पेट्रोल तर अजिबात नको. अंगठ्याएवढी लाकडं धडधडली की मनगटाएवढी तीन-चार घाला आणि अर्धा-पाऊण तास जाळ चालू द्या. या वेळात भांडं रिकामं ठेवायचं नाही: जाळावर आधी अंडी, मग चहा, मग उपम्याचं पाणी. तोवर मागच्या टोकाला निखारे साठत जातात.

वीस अंडी पाण्यात घालून पाण्याला उकळी आल्यापासून नऊ-दहा मिनिटं. ती आणायची रवा-भाजणीच्या पिठाच्या डब्यात पुरून. खडबडीत रस्त्यावर ट्रे फुटतो, पिठातली अंडी फुटत नाहीत. उकडल्यावर गरम पाण्यातच राहू द्या. सोलून ठेवली तर दोन मिनिटांत गारगोट्या होतात.

चहा पहिल्या फेरीला एक लिटर पाणी, एक लिटर दूध, साखर दहा ते बारा चहाचे चमचे, पत्ती आठ-नऊ चमचे, दोन इंच आलं आणि चार-पाच पाती गवती चहा. आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळाखळा उकळू द्या, दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटतं, आणि तिथे दुसरं दूध मिळत नाही. दूध धुराचा वास पटकन ओढतं, म्हणून झाकण ठेवा, आणि गोवरीचा धूर निघत असेल तेव्हा दुधाचं भांडं चढवू नका.

आता उपमा. दहा जणांना जाडा रवा एक किलो, घरीच मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण निववून डब्यात भरलेला. चुलीवर एक किलो कच्चा रवा सारखा भाजणं कठीण, खालचा लाल होतो आणि वरचा पांढराच राहतो. तेल २०० मिली, शेवटी तूप ५० ग्रॅम. कांदे सहा-सात, हिरव्या मिरच्या दहा-बारा, आलं दोन इंच, मटार पाव किलो, दाणे १५० ग्रॅम, उडदाची डाळ तीन मोठे चमचे, मोहरी दोन लहान चमचे, हिंग, कढीपत्त्याच्या चार-पाच काड्या. मीठ ४५ ते ५० ग्रॅम, थोडी साखर. पाणी सव्वाचार लिटर, म्हणजे रव्याच्या मापाने तिप्पट. रात्री साडेचार भरलं होतं, त्यातलं थोडं वाफेत जाणारच. अंड्यांचं आणि चहाचं पाणी वेगळं.

पातेलं बारा लिटरचं, जाड बुडाचं. जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर उत्तम. स्टीलचं पातळ पातेलं जाळाच्या जागी डागतं आणि तिथेच करपतं. चढवण्यापूर्वी भांड्यांना बाहेरून माती आणि राख कालवून पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघून जाते. हे न करणाऱ्याला गार पाण्यात अर्धा तास घासत बसावं लागतं, म्हणजे पुढच्या वेळी तो विसरत नाही. प्लॅस्टिकच्या मुठीचं, नॉनस्टिकचं काही आणू नका. कुकरही नको, जाळाने त्याची रिंग आणि दांडा दोन्ही जातात.

मीठ घातलेलं पाणी जाळावर, झाकून. पातेलं मधल्या भागावर. खाली निखारे आणि एखादं बारीक जळतं लाकूड. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की डाळ आणि दाणे, ते तांबूस झाले की मिरची, आलं, कढीपत्ता, हिंग. कांदा टाकून सहा-सात मिनिटं. मटार घालून झाकण. मग रवा, तीन-चार मिनिटं परतायचा, म्हणजे कण न कण गरम आणि तेलात घोळलेला होईल. गुठळ्या कशाने होतात? पाणी उकळतं नसलं की. कोमट पाण्यात रव्याचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि आत कोरडं पीठ राहतं. त्या गारठ्यात चुलीवरून उतरवलेलं पाणी तुम्ही डाव शोधेपर्यंत निवतं. म्हणून पाण्याचं भांडं जाळावरच राहू द्या, बुडबुडे फुटत असताना लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढून पातेल्यात घाला. एकाने ओतायचं, दुसऱ्याने ढवळायचं. पहिल्या ओगराळ्याला वाफेचा लोट उसळतो, तोंड बाजूला ठेवा. निम्मं पाणी घालून मिनिटभर ढवळा, मग उरलेलं. या टप्प्याला उपमा घरच्यापेक्षा सैल दिसला पाहिजे, डावावरून ओघळेल इतका. दमात आणि थंडीत तो घट्ट होतोच. घरच्यासारखा घट्ट करून ठेवला तर ताटात लगदा कापावा लागतो.

मग जळतं लाकूड पूर्ण बाहेर ओढा. पातेल्याखाली निखाऱ्यांचा पातळ थर पुरे. काठ असलेलं झाकण किंवा परात उपडी न घालता सरळ ठेवा आणि तिच्यावर चार-सहा निखारे. वरून खालून सारखी ऊब. दहा मिनिटं, झाकण उघडायचं नाही. नंतर निखारे आधी झटकून, राख फुंकून, मगच झाकण उचला. घाईत उचललं की सगळी राख उपम्यात. तूप, कोथिंबीर, लिंबू. बुडाशी तांबूस खरवड धरली असेल तर ती चूक समजू नका, तिच्यासाठी भांडणारे दहात तिघं तरी निघतात.

दम चालू असताना थालीपीठं सुरू करायची. एका तव्यावर एकाला पाच-सहा मिनिटं लागतात. दहांना जवळजवळ तास. म्हणून तवे दोन हवेत आणि माणशी एकच. भाजणी ६०० ग्रॅम, कांदा ३०० ग्रॅम बारीक चिरून, तीळ तीन मोठे चमचे, तिखट, हळद, मीठ, कोथिंबीर, तेल दोन मोठे चमचे. थंडीत भाजणीत बाजरी थोडी जास्त असलेली बरी, भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात त्याच चवीची. पीठ हाताला सोसेल इतक्या कढत पाण्याने मळा, साधारण अर्धा लिटर लागेल, अंदाजाने घाला. ज्वारी-बाजरीला गव्हाचा चिकटपणा नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च धरतो. गार पाण्याने मळलं तर थापताना कडा भेगाळतात आणि उलटताना थालीपीठ मोडतं. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली चुलीच्या कडेला.

घरी ओल्या फडक्यावर थापतात. इथे ओल्या फडक्याने हात बधिर होतो. केळीच्या पानाचा तुकडा किंवा दोन-तीन पळसाची पानं तेल लावून त्यावर थापा, पान वर येईल असं तव्यावर पालथं घाला. मिनिटभरात पान सुटतं. तेल लावलेली, कापून उघडलेली दुधाची पिशवीही चालते, फक्त ती तव्यावर टाकण्याआधी सोलून काढायची.

तवा तयार झाला का हे पाहायला त्यावर चार थेंब शिंपडा. थेंब मोत्यासारखे गोल होऊन पळत सुटले तर तवा फार तापला आहे; थालीपीठ बाहेरून काळं आणि आतून कच्चं होणार. मग निखारे थोडे पसरवा. थेंब नुसते बसून राहिले, हळूहळू वाफाळले, तर निखारे जवळ ओढा. पडल्याबरोबर चुर्र होऊन दोन-तीन सेकंदांत नाहीसे झाले की बरोबर. मधे एक आणि भोवती चार भोकं, त्यांत तेल, झाकण. साडेतीन-चार मिनिटांनी कडा तव्यापासून आपोआप सुटतात आणि भोकांतलं तेल बुडबुडणं कमी होतं. तेव्हा उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता दोन मिनिटं. लोणी चुलीपासून हातभर अंतरावर ठेवा, नाहीतर ते थालीपिठावर विरघळण्याऐवजी ढेकळासारखं बसतं.

राहिलं वाढणं. निम्मी उष्णता इथेच जाते. रात्रभर बाहेर राहिलेलं स्टीलचं ताट आठ अंशांवर असतं, उपमा पडल्याबरोबर त्याची ऊब ओढून घेतं. ताटं वाढण्याआधी चुलीच्या कडेला उभी करून शेका, नाहीतर पळसाचे द्रोण घ्या. द्रोण पत्रावळीपेक्षा बरा. पसरलेलं अन्न लवकर निवतं आणि रिकामी पत्रावळ वाऱ्याने उडून चुलीत जाते. पातेल्याचं बूड नीट पुसून, निखारा चिकटलेला नाही हे पाहून, ते गोणपाटावर ठेवा आणि भोवती जुनी गोधडी गुंडाळा. लोकांना आधी बसवा, मग वाढा. हाक मारून तंबूतून कोण केव्हा बाहेर येतं याची वाट उपमा पाहत नाही.

पर्याय म्हणून गॅसची छोटी शेगडी जवळ असू द्या, पण तिच्यावर पूर्ण भिस्त नको. स्वस्त लांबट डब्यांत ब्यूटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आणि वापरताना डबा स्वतःच आणखी गार पडत जातो. पाच-सात अंशांच्या पहाटे ज्योत मिणमिणते. रात्री डबा पांघरुणात घेतला आणि कोमट पाण्याच्या थाळीत उभा केला तर चहापुरतं काम होतं. डबा चुलीपाशी तापवायला ठेवणं हा मात्र मूर्खपणा आहे.

उन्हं खाचरात उतरली की वारा फिरतो आणि धूर तंबूंकडे वळू लागतो. तोवर दुसरा चहा होऊन चूल मोडायला घेतलेली असावी. लाकडं एकमेकांपासून दूर करा, निखारे पसरवा, पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. वरून काळं झालं म्हणजे विझलं असं नसतं. जाड बाभळीचा इंगळ राखेत तासन्‌तास जिवंत राहतो. हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहा, ऊब लागली तर आणखी एक बादली. सळया गार झाल्याशिवाय उचलू नका. मग चर त्याच मातीने भरून पायाने दाबा. कांद्याची सालं, टरफलं, पिशव्या सोबत परत न्या, आणि उरलेलं लाकूड शेतकऱ्याच्या पडवीत नेऊन ठेवा.